उष्टावण राहिलेलं मूल

७ फेब्रुवारी १९८३, सोमवार

वजनकाटा आजही नाही! लातूर जिल्हा होऊन सहा महिने झाले, आमचा काटा अजून उस्मानाबादेत. दंडाला पट्टी लावूनच पोरं मोजते आहे. शिवकांताच्या सिद्धेश्वरचा दंड लालमध्ये, म्हणजे धोक्यात. दहावा महिना, आणि पोटात फक्त आईचं दूध.

बालवाडीत आयांना ज्वारीची पेज करून दाखवली — मुगाची डाळ, शेंगदाण्याचा कूट, थोडा गूळ. बाकीच्या पोरांनी चाटूनपुसून खाल्ली. शिवकांताने वाटीला हात लावला नाही. "उष्टावण न्हाई झालं बाई. अण्णा यायचाय."

अण्णा म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ, वीरण्णा. पहिला घास मामानेच भरवायचा. तोवर अन्नाचा कण नाही. आणि मामा विहिरी खोल करायच्या कामावर. या दुष्काळात ते काम सोडून तो कशाला येतोय!

१० फेब्रुवारी

तिच्या घरी गेले. सासू रत्नम्मा भाकरी थापत होती. म्हटलं, मामा येईना तर आजीने भरवा. "आमच्यात मामाच लागतो." एवढंच, पुन्हा पुन्हा. माझं डोकं फिरलं. शेजारणींसमोर म्हणाले, "सांभाळा तुमची रीत आणि घालवा पोर!" ती भाकरी थापत राहिली. म्हटलं, बरी जिरली.

१५ फेब्रुवारी

टँकर नाही. पाणी नाही म्हणून पेज नाही.

१९ फेब्रुवारी

सिद्धेश्वर आता रडतही नाही. रडणारं पोर परवडलं, हे गप्प पोर बघवत नाही! डॉक्टर म्हणाले, "औषध काय देऊ? खायला घाला."

ठरलं. मामा येत नाही ना? मीच घेऊन येते. उद्याची देगलूरची एसटी.

२० फेब्रुवारी, रविवार

देगलूरच्या अलीकडे त्यांचं गाव. दारात शिवकांताची आई, शरणम्मा. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "वीरण्णाला न्यायला आले. भाच्याचं उष्टावण आहे." तिने मला हाताला धरून आत ओढलं आणि दार लावलं.

वीरण्णा नाही. संक्रांतीच्या आधीच गेला. विहिरीची दरड अंगावर आली. शिवकांताचा नवरा बैल बघायला जातो म्हणून घरातून निघाला आणि इथे येऊन मूठमाती देऊन गेला. "लेक अंगावर पाजती माझी. ऐकलं तर दूध आटंल. त्या लेकराला दुसरं हाय काय?"

परतीच्या एसटीत तोंडाला पदर लावून रडले.

२१ फेब्रुवारी

रत्नम्माला एकटीला गाठून माफी मागितली. तिने ती हातानेच उडवून लावली. "चुलत मामा बोलवावा तर ती इचारंल — माझा अण्णा का न्हाई आला? काय सांगू, तुम्हीच सांगा."

दूध टिकावं म्हणून पोर उपाशी! आणि मी तरी काय करू? सांगून टाकू? खरंच दूध आटलं तर? प्रशिक्षणात पेजेचं प्रमाण शिकवलं. हे कुणी शिकवलं नाही. फार भीती वाटते आहे.

२४ फेब्रुवारी

शिवकांता वर्गात आली. माझी नजर वर होईना. तिने मांडीवरच्या गप्प पोराकडे बघितलं, आपणच पेजेची वाटी ओढली, बोट बुडवलं आणि पोराच्या ओठाला लावलं. त्याने चाटलं. पुन्हा तोंड उघडलं.

"अगं, मामा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अण्णा न्हाई आता, बाई. संक्रांतीपासून ठाऊक हाय मला. ह्या दुष्काळात सासूबाई एकाएकी माझ्याच भाकरीवर तूप वाढाय लागल्या, अण्णाचं नाव काढलं की उठून जायच्या — तवाच उमजलं."

"मग इतके दिवस का नाही भरवलंस?"

ती भरवतच राहिली. "उष्टावण राहिलं हाय तवर अण्णा यायचाच होता की, बाई."