हात वर

५ मे, रविवार

परदेशात राहून वर्षानुवर्षं ‘आता परत जायचं’ म्हणणाऱ्या समस्त भगिनींनो आणि बंधूंनो! आपलं दुःख एकच आहे. आपण पोरांसाठी परत जायला निघतो, आणि आपलीच पोरं कमरेवर हात ठेवून विचारतात — कुणाला विचारून?

(सभागृहात कुणी नाही. ही वही आहे. चालेल.)

घडलं ते असं. सत्तावीस तारखेचं विमान. मी थोरलीपुढे खोकं ठेवलं — बाहुल्या भर. ती उठली, खुर्ची ओढत फ्रिजपाशी नेली, वर चढली आणि तिथे चिकटवलेला कागद अडखळत वाचू लागली. घरसभेचे नियम. माझ्याच अक्षरातले.

“एक. घराबद्दलचा कोणताही निर्णय सभेशिवाय होणार नाही.”

मग मागे वळून, इथल्या भाषेत — “सभा कधी झाली?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने नळाकडे पाहिलं.

सभा झालीच नव्हती! मार्चमध्ये पोरं शाळेत असताना आम्ही दोघांनी चहा घेता घेता ठरवून टाकलं. मी बोलले, त्याने मान हलवली. आमच्यात हीच पद्धत आहे.

६ मे, सोमवार

“नियम मागे घे,” नवरा म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे एकुलतं एक वाक्य. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्या उलट बोलत नाहीत, म्हणून त्याचं त्यांच्याशी छान जमतं. घरात आम्ही त्याला मौनीबाबा म्हणतो. त्यावरही तो काही बोलत नाही.

मागे घे म्हणे! तिकडे असताना मी व्यासपीठं हलवली. घसा फुटेस्तोवर सांगितलं की आपलेच नियम आपल्याला गैरसोयीचे झाले म्हणून जो फाडतो तो हुकूमशहा. आणि आता आठ वर्षांच्या मुलीपुढे मीच कागद फाडू? मुळीच नाही. सभा होणार. येत्या रविवारी, जेवणानंतर. ठराव — ‘आपण परत जावे.’ अध्यक्ष पाळीप्रमाणे थोरली. हेही माझंच नशीब.

भीती अजिबात नाही. नियम दोन — एक माणूस, एक मत, उंची पाहिली जाणार नाही. ठीक. पण नियम तीन — सभेत आपल्याच भाषेत बोलायचं! आणि थोरली आपल्या भाषेत ‘भूक लागली’, ‘नको’ आणि ‘धाकट्याने चावलं’ यापुढे गेलेली नाही. आपण विचारायचं मराठीत, तिने उत्तर द्यायचं इथल्या भाषेत. म्हणून तर परत जायचं! माणसाला निदान भांडता तरी स्वतःच्या भाषेत आलं पाहिजे. हे वाक्य मी इथल्या आपल्या मंडळींच्या मेळाव्यात चार वेळा म्हटलंय. चारही वेळा टाळ्या.

अकरा मुद्दे काढलेत. मुलीविरुद्ध अकरा जरा जास्तच होतात. पण एकही गाळवत नाही.

८ मे, बुधवार

विरोधी पक्षाने बाहेरून मदत मागवली आहे!

संध्याकाळी घरी आले तर थोरली टेबलाखाली फोन घेऊन बसलेली. पलीकडे माझी आई. फोन मोठ्या आवाजात. (माझी आई फोन नसता तरी ऐकू आली असती.)

“आजी, मोठी माणसं आधी ठरवते आणि मग विचारते. त्याला काय म्हणते?”

“त्याला तुझी आई म्हणतात.”

मग दोघी हसल्या. बराच वेळ.

“बरं, लिही. मनमानी. म-न-मा-नी. आता ठरल्याप्रमाणे तू सांग.”

ठरल्याप्रमाणे म्हणजे — एका शब्दाला एक गोष्ट. आजी एक शब्द देणार, त्याबदली थोरलीने दिवसातली एक गोष्ट सांगायची. थोरलीने सांगितलं की शाळेत शेजारच्या मुलाने नाकात खोडरबर घातलं आणि ते निघालंच नाही. मोडक्यातोडक्या मराठीत, पण सगळं. नाकपुडीसकट! मला हे तिने सांगितलं नव्हतं.

मी फोन हिसकावला. “आई, तू कुणाच्या बाजूने आहेस? आम्ही तुझ्याकडेच येतोय ना?”

“मी तीस वर्षं टायपिस्ट होते,” आई म्हणाली. “समोर आलेला कागद टाइप करायचा. बाजू बघायची नाही. दे तिला फोन.”

९ मे, गुरुवार

शिवणबाईंना आज सांगायचंच.

नाही सांगितलं. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

१० मे, शुक्रवार

आजही नाही. आज टाचण्या नव्हत्या.

खरं काय ते इथे तरी लिहावं. शिवणबाई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एकट्या. एक शिवणयंत्र, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकांच्या पडद्यांचे ढीग. आम्ही आलो तेव्हा थोरली दोन वर्षांची होती, धाकटा नव्हताच. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत पोरं त्यांच्याकडे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी दोघांची उंची खडूने लिहिली आहे — दर चार महिन्यांची एक रेघ. त्या दाराला त्या कुणालाच हात लावू देत नाहीत. झाडताना स्वतःही लावत नाहीत.

आणि दोन महिने झाले, मी त्यांना सांगितलेलं नाही की आम्ही जातोय.

हजार माणसांसमोर बोललेली बाई मी! पण शिवणबाईंच्या भाषेत मला पाच क्रियापदं धड येतात. त्यात प्रस्तावना होत नाही. पार्श्वभूमी मांडता येत नाही. टप्प्याटप्प्याने मुद्द्याकडे जाता येत नाही. त्यांच्या भाषेत मला फक्त एवढंच म्हणता येतं — आम्ही जातो. परत येत नाही.

असं कुणी म्हणतं का?

थोरलीला बजावलंय, ‘मी सांगेपर्यंत खाली बोलायचं नाही.’ धाकट्यालाही. तो म्हणाला, “बरं,” आणि लगेच खाली पळाला.

मौनीबाबांच्या पाठीवर आज खडूची रेघ होती. लिफ्टमध्ये खडू कशाला लागतो? विचारलं. मान हलवली. हो की नाही तेही कळलं नाही.

१२ मे, रविवार

सभा.

अध्यक्ष खुर्चीवर दोन उशा घेऊन बसल्या. हातात लाटणं. टेबलावर तीनदा आपटलं. चौथ्यांदा धाकट्याच्या बोटावर. पाच मिनिटांची तहकुबी.

ठराव मी मांडला. म्हटलं मुद्दे शेवटी मांडू, आधी विरोधकांना बोलू द्यावं. थोर वक्त्यांची ही जुनी युक्ती. समोरच्याला दमू द्यायचं!

थोरलीने पाठकोऱ्या कागदांचं भेंडोळं काढलं. आणि बोलायला लागली.

जसं आठवतंय तसं लिहिते.

“आई म्हणते की आपल्या माणसांत जायचं. मुद्दा नंबर एक. मला आजीची आठवण येत नाही, कारण मी तिला फोनमध्येच बघितलंय. तिला पाय आहेत का तेही मला माहीत नाही. मला शिवणबाईची आठवण येणार. ती मनमानीने येणार. मुद्दा नंबर दोन. तुम्ही प्रत्येकाला एक बॅग दिली. कपाटाचं दार कुणाच्या बॅगेत जाणार? मुद्दा नंबर तीन. आई म्हणते स्वतःच्या भाषेत भांडता यायला पाहिजे. मी आत्ता भांडते आहे. मग आता जायचं कशाला?”

देवा! सहा वर्षं घसा कोरडा केला त्याचं फळ आलं, आणि ते माझ्याच डोक्यात बसलं. ‘मनमानीने’ चुकीच्या जागी होतं. दुरुस्त करावंसं वाटलं नाही. खरं तर तिथे तेच बरोबर होतं.

ती पुढे चौथा मुद्दा मांडत होती — मांजराबद्दल, आमच्याकडे मांजर नाही — तेवढ्यात तिने लाटणं उचललं आणि म्हणाली, “आईचा हात खाली घ्या. मतदान अजून नाही.”

माझा हात वर होता. कधी गेला, कळलं नाही.

माझे अकरा मुद्दे तसेच राहिले. मतदान. जावे — मौनीबाबा. जावे — धाकटा. (कारण विचारलं असता, “विमानातल्या संडासाचं दार घडी होतं.”) जाऊ नये — थोरली. जाऊ नये —

मी.

नवऱ्याने आज दुसऱ्यांदा तोंड उघडलं. “ठराव तुझाच होता ना?”

दोन विरुद्ध दोन. नियम चार — मतं समान पडल्यास अध्यक्षांचं मत निर्णायक, आणि अध्यक्षांना विचाराला वेळ घेता येईल. ही शेवटची ओळ मी स्वतःसाठी घातली होती.

“अध्यक्ष वेळ घेतात,” अध्यक्ष म्हणाल्या, आणि उशा घेऊन गेल्या.

१३ मे, सोमवार

नवऱ्याला सांगितलं — युक्तिवाद पटला म्हणून मत दिलं. ज्याचं पटतं त्याच्या बाजूने उभं राहावं, भले ते आपल्या विरुद्ध असो. तत्त्व आहे. त्याने मान हलवली.

शाळेत सोडायला जाताना थोरलीने विचारलं, “आई, तुला माझं पटलं म्हणून हात वर केलास?”

“हो.”

“खोटं. माझं संपायच्या आधीच केलास.”

मग रस्ताभर फक्त धाकटा बोलत होता.

वही, तुला म्हणून सांगते. मी ग्रंथालयाच्या तळघरात काम करते. परत आलेली पुस्तकं तपासायची, पानांत विसरलेलं काढून ठेवायचं — बसची तिकिटं, केसांच्या पिना, एकदा चक्क एक मोजा. डोक्यावर एक दिवा, समोर टेबल, आणि भिंतीवर पाटी — इथे बोलू नये. पहिल्या दिवशी वाटलं, मला जिवंत पुरलं! दुसऱ्या वर्षी वाटलं, आहे बरं. आता सुट्टीच्या दिवशीही मला त्या दिव्याची आठवण होते. तिथे कुणी माझ्या तोंडाकडे बघत नाही की आता बाई काय बोलणार. तिथे मी वाचते.

आणि संध्याकाळी शिवणबाईंकडे जाते तर त्या खुर्चीवरचे पडदे बाजूला करतात. बस, म्हणतात. हे क्रियापद मला नीट कळतं.

सहा वर्षं सगळ्यांना ‘परत जायचं’ म्हणून पेटवलं. त्या भाषणांनी चार कुटुंबं खरंच परत गेली! आणि मला स्वतःला जायचं नाही. हे कालपर्यंत मला माहीत नव्हतं. हाताला माहीत होतं.

१५ मे, बुधवार

अध्यक्ष अजून विचार करताहेत. घर निम्मं खोक्यात, निम्मं फळीवर. धाकट्याने सगळ्यांचे दात घासायचे ब्रश पॅक करून खोक्याला चिकटपट्टी लावली.

कोणतं खोकं, सांगत नाही.

१६ मे, गुरुवार

निकाल आला. सकाळी फ्रिजवर, नियमांच्या शेजारी, चार चुंबकांखाली. जसाच्या तसा उतरवते —

“अध्यक्षांचा निकाल. भाषणासाठी मी आजीला एकोणचाळीस शब्द विचारले. म्हणून एकोणचाळीस गोष्टी सांगाव्या लागल्या. सभा झाली, आता शब्द नको आहेत, तरी पण मी परवा फोन केला. आजीने उचलला नाही. ती दळण आणायला गेली होती. तेव्हा मला तिची आठवण आली. म्हणून माझा मुद्दा नंबर एक पडला. जो मुद्दा पडतो तो धरून बसायचं नाही, असं आई म्हणते. आपण जायचं. अट एक. शिवणबाईला आईने स्वतः सांगायचं. भाषण करायचं नाही.”

फ्रिजचं दार धरून उभी राहिले. ठराव जिंकला. माझा ठराव! असं जिंकणं शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

आईला फोन केला. “तुला माहीत होतं ना असं होणार? म्हणून तिला शब्द देत होतीस?”

“मी बाजू बघत नाही,” आई म्हणाली. मग हळूच, “एकोणचाळीसच घेतले गं तिने. मी पन्नास काढून ठेवले होते.”

नवरा कामावर निघताना दारात थांबला. “तू तळघरातून आलीस की चेहरा वेगळा असतो तुझा,” म्हणाला. “तिकडेही ग्रंथालयं आहेत.” दोन वाक्यं! लिफ्टच्या आधी याच्यातच काय बिघडलंय ते बघायला हवं.

तेव्हा बाई, मुद्दे पुरे. वही मिट. एकवीस पायऱ्या आहेत. उतर, दार वाजव आणि सांग.

१७ मे, शुक्रवार

काल नाही जमलं. आज उतरले. दार वाजवलं. शिवणबाईंनी उघडलं. मी तोंड उघडलं — आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती पाच क्रियापदंही गेली.

आत टेबलावर एक झगा, एक छोटी विजार, एक पुरुषी कोट. झग्याला आणि विजारीला खालून चार-चार दुमडी घातलेल्या, दर वर्षी एक उसवायची म्हणून. कोटाचं माप मला ओळखीचं वाटलं. पाठीवर खडूची रेघ. थोरली मी बजावायच्या आधीच सांगून गेली होती. धाकटा त्या संडासाच्या दारासकट. आणि मौनीबाबा — तोसुद्धा!

मला रडू आवरेना. त्यांनी गळ्यातली मापाची पट्टी काढली.

“सगळ्यांचं झालं. तूच राहिली होतीस,” त्या म्हणाल्या. “बोलू नको. हात वर कर.”