इतुरीचा पहिला शेजार

४ नोव्हेंबर

पाऊस. सहावा दिवस! दिवसभरात तोंड उघडलं ते फक्त कोंबड्यांवर ओरडायला.

५ नोव्हेंबर

चेटकिणींच्या संग्रहालयात गेले. हसू नकोस, वही. अकरा वर्षं झाली ते गावात उघडून. बसा भरभरून लोक येतात, टोकदार टोप्या घालून फोटो काढतात. आम्ही गावातले कुणी तिकडे फिरकत नाही. मी गेले कारण आत ऊब असते — आणि माणसं असतात. खरं ते लिहावं.

पर्स उघडली तर तिकीटखिडकीतली अमाया म्हणते, "गाववाल्यांना फुकट, आजी! तुम्ही तर आमच्या जुन्या वस्तूंतच जमा." म्हटलं, "मग बसव काचेच्या कपाटात. येणारेजाणारे बघतील तरी." पोरगी खूप हसली. मलाही बरं वाटलं.

वरच्या मजल्यावर चारशे वर्षांपूर्वीच्या चेटकिणींच्या खटल्यातल्या जबान्या लावल्यात. आमच्यात माणूस घराच्या नावाने ओळखला जातो, तेव्हाही तसंच. वाचता वाचता थबकलेच. लारल्डेच्या बाईने सांगितलं — इतुरीची बाई उडत गेली, मी डोळ्यांनी पाहिलं.

लारल्डे म्हणजे हेच घर, जिथे बसून लिहितेय ते. आणि इतुरी म्हणजे कुंपणापलीकडचं, ग्राशीचं.

६ नोव्हेंबर

आज कुठे गेले नाही. डोक्यात तेच.

इतुरी आमचा पहिला शेजार, आम्ही त्यांचा. घरात कुणी गेलं की खबर आधी पहिल्या शेजाऱ्याला. मुलाबाळांच्याही आधी. मग पाद्री, घंटा, निरोप, सगळं तेच घर बघतं. माझा नवरा फेर्मिन गेला तेव्हा मी फोन केला बारवाल्या इमानोलला! त्याच्याकडे गाडी होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ग्राशीला कळलं ते पावाच्या दुकानात, रांगेत उभी असताना.

"परक्यासारखं वागवलंस, कट्टालिन," एवढंच म्हणाली. तेव्हाच चूक कबूल करायची. मी म्हणाले, "एका फोनसाठी एवढं?" त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून अबोला. तिचे कपडे माझ्या खिडकीसमोर वाळतात, आणि मी पडदा ओढून घेते.

८ नोव्हेंबर

पुन्हा गेले. राहिलेलं वाचलं. इतुरीच्या त्या बाईने चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागितली. शेजाऱ्यांनी माफ केलं. गावाने गावात मिटवलं होतं! तरी लोग्रोन्योहून धर्मन्यायालयाची माणसं आली, तिला घेऊन गेली. कैदेतच मेली.

न केलेल्या पापाची माफी मागितली तिने. मला स्वतः केलेल्या चुकीचीही माफी मागवत नाही. लाज वाटली, फार वाटली.

निघताना अमाया — "आजी, रोज येताय, नोकरीला लागा की!" म्हटलं, "चेटकिणीची जागा रिकामी झाली तर कळव."

९ नोव्हेंबर

इतुरीच्या फाटकापर्यंत गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ग्राशी पेल्लोला सूप भरवत होती. तिचा नवरा वसंतापासून अंथरुणावरच आहे, हे मला पाद्रींकडून कळलेलं. "तोंड उघड, म्हाताऱ्या, नाहीतर तुझ्या वाटणीचं मी गिळीन!" — तिचा तो जुना आवाज. किती वर्षांनी इतक्या जवळून ऐकला! पाठ केलेलं सगळं विसरले.

फाटक न उघडता परत आले. भित्री कुठली!

१० नोव्हेंबर

काही नाही. पाऊस थांबला.

११ नोव्हेंबर

सकाळी दार वाजलं. ग्राशी. पायात घरातल्याच सपाता, चिखलाने माखलेल्या. "पेल्लो गेला," म्हणाली. "मुलालाही सांगितलं नाही अजून. आधी तुझ्याकडे आले."

मी एप्रन सोडला. "तू जा, त्याच्याजवळ बस. पुढचं सगळं माझं."

पाद्रींना सांगितलं, घंटा वाजवायला लावली, सात घरं फिरले. माफी मागायची राहिलीच.