लिटल हॅदरबीची दोनशे चौदा जोडपी

मी, हेमा नागेश तोडणकर, वय ६८, राहणार अल मजाज, शारजा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पुढचे वाचून तशी शंका येईल, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहता फ्लॅट भाड्याचा आहे, त्यावरून कोणी भांडू नये. रत्नागिरीचे घर, बांगड्या व बँकेतील शिल्लक माझी मुलगी संपदा, मुक्काम कॅनडा, हिला.

२. माझे यजमान कै. नागेश यांची हत्यारांची पेटी गणूला. तो आमच्याच गावचा, इथे साइटवर सुतारकाम करतो. ड्रिल मशीन अधूनमधून शॉक देते, जपून वापरावे.

३. काळी हार्ड डिस्क संपदाला. तिच्यात लिटल हॅदरबी या इंग्लंडमधल्या खेड्यातील चर्चच्या जुन्या लग्नवहीचे फोटो आहेत. दुबईच्या एका कंपनीत मी ती वही टाइप केली. ज्या नावांपाशी फुली होती, त्या नोंदी रद्द समजून गाळल्या. आपल्याकडे फुली म्हणजे काट. लिहिता न येणारा अंगठा उठवतो, एवढेच मला ठाऊक. माझ्या यादीवरून तिथे गावाचा इतिहास छापला गेला. वहीतल्या वीस वर्षांत लग्ने इतकी थोडी, की गाव जवळजवळ ओस पडले होते, असे त्यात म्हटले आहे. आभारात माझे नाव आहे. ते पान मी हौसेने फ्रेम करून हॉलमध्ये लावले.

सहा वर्षांपूर्वी गणूचा फॉर्म भरत होते. तो म्हणाला, "ताई, अंगठ्याचं पॅड सुकलंय. फुली मारतो, चालंल ना?" मी फॉर्म तसाच ठेवून वहीचे फोटो उघडले. ती सगळी निरक्षर, गरीब माणसे होती आणि त्यांची फुली हीच सही होती.

४. त्या कंपनीतला माझा सुपरवायझर तय्यब याला माझी कोणतीही वस्तू देऊ नये. चूक सांगितली तर म्हणाला, "मॅडम, क्लायंट खुश है, खलास." मीही लाजेपायी गप्प बसले, हे कबूल करते. पुढे मूळ वही ओल लागून गेली. आता फोटो फक्त माझ्याकडे आहेत.

५. गणूच्या त्या फुलीपासून ती माणसे घरी येतात. जोडीजोडीने, चिखलाच्या बुटांसकट ओट्यापाशी उभी राहतात. बोलत नाहीत. लिफ्टमध्ये मी एकटी असले तरी बाजूला सरकून जागा करते. संपदा फोनवर म्हणते, "आई, दे आर डेड एनीवे." तेच तर, बाळ. मला फार भीती वाटायची.

गेल्या वर्षी गाळलेल्या नोंदी टाइप करायला घेतल्या. एक नोंद पुरी झाली की ते जोडपे पुन्हा येत नाही. दोनशे तेरा झाल्या. एक बाकी आहे, म्हणून यादी आणि माझे माफीपत्र अजून चर्चला पाठवलेले नाही.

ती एक नोंद हॅना आणि तिच्या नवऱ्याची. पाच मिनिटांचे काम, पण हात होत नाही. संध्याकाळी मी चहा टाकते तेव्हा ती दोघे ओट्यापाशी असतात, आणि या घरात दुसरे कोणी नाही. संपदा, तेवढी ओळ माझ्यामागे तू टाइप कर आणि सगळे पाठवून दे.

लिहून देणार: हेमा नागेश तोडणकर

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
१. अरुण साळवी, शेजारी
२. एमान, तळमजल्यावरील फार्मसी

शारजा, १२ फेब्रुवारी २०२५