अर्धी कड

नागासाकी, शेवंतीचे दिवस

प्रिय सेत्सू,

आज मी वाटीभर भात जेवले. पोटातली गाठ लहान होत चालली आहे, असं डॉक्टर सकाळी म्हणाले, आणि मला तूच आठवलीस.

तुमच्या प्रयोगशाळेतल्या तरुण डॉक्टरांनी गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून 'रिसेप्टर नाहीत' असा निकाल दिला होता. म्हणजे त्या रिसेप्टरांवरच काम करणारं नवं औषध मला मिळणार नव्हतं. त्यांना स्तनाच्या गाठी तपासायची सवय, म्हणून ते प्रत्येक पेशीभोवती, रिसेप्टर असले की उमटणारं, तपकिरी रंगाचं पूर्ण कडं शोधत होते. तू त्यांना म्हणालीस, "अहो हिरायामा, ही पोटातली पेशी आहे. हिची पोकळीकडची बाजू कोरीच राहते. घोड्याच्या नालेसारखी अर्धी कड रंगलेली दिसली की पुरे."

मग मला फोन केलास. "ताई, तुझ्या पेशी 'वाढा' हा निरोप ऐकायला कान टवकारून बसल्यात. अगदी तुझ्यासारख्या भोचक. आता औषध त्या कानांत बोळे घालेल."

शाळेत भरतकामाच्या तासाला तू कापड उलटं करून बघत बसायचीस. सिस्टर म्हणायच्या, "सेत्सू, फूल पुढच्या बाजूला आहे." तू शांतपणे सांगायचीस, "पण टाके इकडे कळतात, सिस्टर."

हे पत्र मी पाठवणार नाही. कौतुक ऐकलं की तू माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागतेस. त्यापेक्षा रविवारी तुला जेवायलाच बोलावते. भात चिकट झालाय म्हण. मी तुझ्यासमोर तो पुन्हा वाढून घेईन.

तुझी थोरली बहीण,
तामाए