माझ्या बाजूचं दार

४ डिसेंबर, कळस
दिवाळीआधी लग्न झालं. दोघांचंही दुसरं. हे कमी बोलतात, मीही. पण कुठं गेलो की हे गाडीला वळसा घालून येतात आणि माझ्या बाजूचं दार उघडतात. जुनी गाडी, दार आतून उघडतच नाही. बिजागरीही झिजलीय, लावताना उचलून लावावं लागतं. सगळं माहीत असून दर वेळी वाटतं, कुणीतरी मानानं उतरवून घेतंय. वेडेपणा. असू दे.

७ डिसें.
बारामती. अस्तराचं कापड घेतलं. हे खताच्या दुकानात, मी गाडीत. डोळा लागला. जाग आली तर यांच्या बाजूला उसाची ट्रॉली चिकटून उभी. तिकडून वाट नाही. माझी काच खाली होईना. पलीकडच्या काचेवर उसाची हिरवी पाती हलत होती, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं. मग एकदम श्वास कोंडला. हाका मारल्या, काच बडवली. हे आले तेव्हा मी रडत होते.
"एवढं काय झालं? आलो की."
"आणि तुमी न्हाय आला तर?"


८ डिसें.
सकाळी म्हणाले, "दार नीट करू." गॅरेजला न्या म्हटलं. "नको. घरीच करतो." विहिरीच्या मोटारी खोलतात, हेही जमेल. पण दिवसभर गाडीकडं फिरकले नाहीत.

१२ डिसें.
आज सुरुवात. दाराचं आतलं आवरण काढलं. हँडलपासून कुलपाकडं जाणारी सळई सुटून पडलेली, तिला धरणारी क्लिप तुटलेली. ते सोपं. बिजागरीची पिन काढायची तर दार पेलायला हवं. खाली जॅक, त्यावर पोतं, आणि मी दाराला मिठी मारून. पिन बाहेर आली ती एका अंगानं खाल्लेली, चंद्राच्या कोरीसारखी. हे ती घेऊन खालीच बसले. मी दार धरूनच.
"शालननं झिजवली," म्हणाले.
शालन म्हणजे यांची पहिली. माझ्यासमोर तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं.
"शेवटी शेवटी उठाय यायचं न्हाय तिला. दवाखान्यात गेलो की दाराला लोंबकळून उतरायची. मला धरू द्यायची न्हाय."
माझे हात भरून आले होते. म्हटलं, "मग ऱ्हाऊ द्या. हाय तसंच बसवू."
"न्हाय. तुला उतरता आलं पायजे."

१३ डिसें.
इंदापूर. लेथवर नवी पिन करून घेतली, तिच्याभोवती बसायला पितळी बुश. जुनी पिन मिस्त्री भंगारात टाकत होता, यांनी मागून घेतली, खिशात ठेवली. मी न पाहिल्यासारखं केलं. राग आला का? शोधला. नाही. थोडं एकटं वाटलं, बस.

१५ डिसें.
दार बसलं. बोटानं ढकललं तरी लागतं, आवाज किती मऊ. दुपारभर आत बसून उघडझाप केली. गुऱ्हाळाचा गोड धूर पसरलेला. डोळे मिटले की गाडी चाललीय असं वाटायचं. कुठं, ते कळायचं नाही.

१६ डिसें.
बावड्याला भावाकडं. गाडी थांबली. माझा हात हँडलवर. हे उतरून पुढं आले आणि मधेच थांबले, येऊ की नको असे. मीही थांबले. मग मीच उघडलं. दोघंही हसलो, अवघडून.

१९ डिसें.
अंथुर्ण्याहून येताना कालव्याचा रस्ता रिकामा. पाणी गाडीबरोबर चाललेलं. एकदम म्हटलं, "मला शिकवा की चालवायला."
यांनी गाडी कडेला घेतली. जागा बदलली. माझ्या सीटजवळ हे जरा वेळ उभेच राहिले.
"ह्या बाजूला मी कदी बसलोच न्हाय."
बसले. दार ओढून घेतलं. मी क्लच सोडला, गाडी हिसका देऊन बंद. पुन्हा तेच. रागावतील वाटलं. पण यांचं लक्षच नव्हतं. काचेतून पलीकडं बघत होते, उसाकडं, पाण्याकडं.
"हिकडनं येगळंच दिसतं गं सगळं."
मला म्हणाले की शालनला, ते विचारलं नाही. किल्ली फिरवली.