नरसक्काचं सूप

१० मे १९७१, सोमवार. नगर.
नरसक्काचे डोळे आले. गावात साथ कधीचीच आहे, कापडबाजारात काळे चष्मे संपले म्हणे. आज आमच्या विडी कारखान्यात शिरली. सकाळी विड्या तपासणारा चेकर दारातच उभा, एकेकीच्या पापण्या ओढून बघत होता, बाजारात बैलाचे दात बघतात तसा. नरसक्काला म्हणाला, "जा घरी. बरी झाल्यावर ये."
"आन् पगार?"
"इडी न्हाई तर पगार कशाचा?"
घरी जायला तिची ना नव्हती. पण मालकानं शनिवारी नवंच काढलंय: जिचं विड्या वळून ठेवायचं सूप आठवडाभर रिकामं राहील, तिची जागा दुसरीला. बाहेर नव्या बाया बसूनच आहेत. नरसक्का विधवा, मागं कोणी नाही. मला विडी वळायला तिनंच शिकवलं. ही जागा गेली तर या वयात...
जाताना सूप उचललं नाही तिनं. खिडकीखाली तसंच ठेवून गेली. सूप ठेवलं म्हणजे जागा ठेवली, असं आमच्यात मानतात. मालक मानेल तर.

११ मे
युनियनच्या कचेरीत गेले. सेक्रेटरी म्हणाले, अर्ज करू. आजारपणात जागा राहिली पाहिजे, अर्धा पगार मिळाला पाहिजे. मालकाची वेळ मागतो. मी म्हटलं, वेळ मिळेपर्यंत सूप रिकामं त्याचं काय? ते पेनाचं टोपण लावत-काढत बसले. चिडून घरी आले. कमिटीवर मी एकटी बाई, सभेत तोंडाचा पट्टा माझाच. पण आज मलाही काही सुचलं नाही.

१२ मे
दुपारी सरू पाणी प्यायला उठली. माझ्या शेजारीच बसते ती. जाता जाता आपल्या सुपातल्या मूठभर विड्या नरसक्काच्या सुपात टाकल्या. मग पलीकडची उठली. मग तिच्या पलीकडची. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं! यातल्या निम्म्या जणी युनियनच्या सभेला कधी फिरकत नाहीत, मी त्यांना किती टोचून बोलले आहे. बघतच राहिले. मग मीही टाकल्या.
संध्याकाळी मात्र फजिती. चेकरनं त्यातली एक विडी उजेडात फिरवली.
"ही नरसूची न्हाई. ती डावरी हाय, तिचं पान उलटं फिरतं. मला काय येडा समजता व्हय?"
सगळ्या विड्या छाटात, नापास मालात, फेकल्या. गेलेला माल गेला. वर्षानुवर्षं तिला लागून बसतो आम्ही, आणि एकीच्याही ध्यानात आलं नाही! हसावं की रडावं.

१३ मे
आज जे बघितलं ते लिहून होणार नाही, तरी लिहिते.
तंबाखू वाटून झाली. सरूनं पान उजव्या हातात धरलं आणि डाव्या हातानं वळायला घेतलं. पहिलं फाटलं. दुसरंही. मी म्हटलं, "काय करतेस गं?"
"उलटंच फिरवायचं हाय ना? मग फिरवू की."
थोड्या वेळानं बघते तर अख्खी रांग डाव्या हातानं वळतेय. तंबाखू सांडतेय, पानं फाटतायत, दोरा सुटतोय. आधी हशा झाला. मग सुपांची खसखस तेवढी. माझ्या अंगावर काटा आला. देवळातसुद्धा मला असं कधी झालेलं नाही. माझ्या चारदोनच झाल्या, त्याही वाकड्यातिकड्या.
संध्याकाळी चेकरनं एक उचलली. उजेडात धरली. मग रांगेकडे बघितलं, आमच्या हातांकडे. म्हणाला, "पोरीनो, लई वाकड्या केल्यात." आणि सूप घेतलं! छाटात टाकलं नाही! दारात जाऊन परत वळला, "मालक सोता आले, तर मी काय बी बघितलं न्हाई."

१५ मे
नरसक्काकडे. डोळ्यांवर ओलं फडकं. सगळं सांगितलं, चार विड्या दाखवायला नेल्या होत्या. बोटांनी चाचपत म्हणाली, "ही सरूची. ही तुजी. कमळे, तू अजून बी इडीचं तोंड ढिलं मोडतीस." मग रडायला लागली. म्हटलं, अगं रडू नकोस, झोंबेल. तर म्हणते, झोंबू दे.

१८ मे
माझेच डोळे आले. चेकरनं घरी पाठवलं. सूप जागेवर ठेवून आले. सेक्रेटरींचा निरोप: मालक परवा भेटणार. नेमकी मीच नाही! फार वाईट वाटतंय. मलाही भीती वाटते, हे आज कळलं. माझं सूप...

२० मे, गुरुवार
उजवा चिकटलाय, डावा किलकिला करून लिहितेय. सेक्रेटरी मालकाला भेटून आले. जागा, अर्धा पगार, दोन्ही मांडलं. मालकानं ऐकून घेतलं. उत्तर सोमवारी.
संध्याकाळी दाराबाहेर नरसक्काचा आवाज. बरी झाली, कालपासून कामावर, जागा आहे तिची. आत येईना.
"कमळे, तुजं सूप भरलं आज."
"कोणी?"
"समद्यांनी. मी बी. मी उजव्या हातानं वळल्या, तुज्यावानी. पार वाकड्या झाल्या गं."
"चेकर काय म्हणाला?"
"आज मालकच आले हुते. तुज्या सुपातली एक उचलली, माजीच. लई येळ बघितली, खिशात घातली आन् गेले."
ती गेल्यावर उंबऱ्यावर हात लागला. माझ्यासाठी एक विडी ठेवून गेली आहे. आता डावाही धड उघडत नाही, बोटांनीच बघतेय. खरंच वाकडी आहे.