चोवीस फुटांचे ओंडके

प्रिय सुधीर,

आज सकाळी प्रकाशभावोजींचा फोन आला, म्हणून लिहिते आहे. रडण्यासाठी नाही. भांडण्यासाठी.

गावात रस्त्याकडेला तुझे सव्वीस ओंडके पडून आहेत. "वहिनी, खालच्या थराला वाळवी लागलीय," भावोजी म्हणाले. "मिलवाला शनिवारी येतो म्हणतोय. देऊन टाकू या का सगळे? फळ्या तरी होतील." मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

मग तू गेल्यानंतर चार महिन्यांत पहिल्यांदाच तुझा फोन उघडला. लाकडाच्या वाहतुकीचा परवाना शोधत होते. शंकरतात्यांचे व्हॉइस मेसेज सापडले.

घरासाठी जागा आपण डिसेंबरच्या सुट्टीत पाहिली होती. भात कापून झालेलं. रस्त्यापासून आपल्या जागेपर्यंत सगळी तात्यांची शेतं, कोरडी आणि मोकळी. तात्या पुढे, आपण मागे, बांध ओलांडत वर गेलो. तू घड्याळ पाहून म्हणालास, "सात मिनिटं!" गल्फमधली माणसं सुट्टीत जागा बघतात आणि सुट्टी डिसेंबरात मिळते. कापणीनंतर जिथे पाय टाकावा तिथे वाट असते. आपण तिला रस्ता समजलो. ही चूक माझीही आहे.

पुढचं मात्र तुझं एकट्याचं.

तीन वर्षांपूर्वीच्या मेसेजमध्ये तात्यांनी तुला सांगितलं होतं, "सुधीरा, माणसाक वाट आसा, ट्रकाक नाय. माझे बांध फुटतले. ओंडके अर्धे कर. गडी खांद्यावरसून व्हरतले, माझी ना नाय."

त्याखाली तुझं उत्तर: "अर्धे नकोत, तात्या. भिंत अख्ख्या लाकडाची हवी. क्रेनचं बघतो."

"क्रेन काय आभाळातसून येतली?" तात्या विचारतात आणि हसतात. बराच वेळ हसतात.

तेव्हा तुझ्याकडे बारा ओंडके होते. त्यानंतर तू आणखी चौदा घेतलेस. ऐन, किंजळ, सरळ खोडं, प्रत्येकी चोवीस फूट. कुणाच्या परसातलं झाड, कोणाची परवानगी, कोण साल काढणार, सगळं इथून फोनवर ठरवलंस. एवढं ठरवता आलं, मग वाट नाही हे कसं विसरलास? की विसरला नव्हतासच?

मला काय सांगत होतास? "परवाना अडकलाय. इंशाल्ला, पुढच्या डिसेंबरात." तीन डिसेंबर तेच. परवाना आत्ता माझ्यासमोर आहे, सुधीर. त्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख आहे. तो कधीच अडकला नव्हता.

इथे हिद्दच्या बंदरात तुझ्या हाताखाली क्रेन होत्या. बोट दाखवलंस की कंटेनर हवेत जायचा. पण आपले बांध जपणारा माणूस समोर आला, तर त्याच्याशी काय बोलायचं असतं, हे तुला कुठे ठाऊक होतं?

आणि मी? जायचंच आहे म्हणून नोकरीचा दर वेळी एकाच वर्षाचा करार केला. जुफैरच्या या फ्लॅटचे पडदेसुद्धा बदलले नाहीत. "कशाला, निघायचंच आहे ना," तू म्हणायचास. तुला माहीत असताना म्हणायचास!

अर्ध्या लाकडांच्या घरात आपण निदान दोन पावसाळे राहिलो असतो. मला चाललं असतं. एकदा तरी विचारलंस?

दुपारी मी तात्यांना फोन केला. ओंडके अजून खांद्यावरून नेऊ द्याल का, विचारलं.

"अगो बाय, मी तेका ह्याच सांगी होतंय," ते म्हणाले. "कापणी होऊ दे. सडके असतले ते टाक, बाकीचे धाड." मग म्हणाले, "हट्टी होतो पण तो."

होतास.

भावोजींना कळवलंय. मिलवाल्याला येऊ दे, करवत घेऊन. खालच्या थरातले वाळवीचे आठ त्याने न्यावेत. उरलेले अठरा मधोमध कापायचे. छत्तीस तुकडे, बारा-बारा फुटांचे. तुझ्या नकाशातला व्हरांडा होणार नाही, माडी होणार नाही. चार भिंतींची एक खोली होईल.

वचन एवढंच देते. कापणीनंतर मी रजा घेऊन जाईन, पहिला तुकडा शेतातून निघेल तेव्हा तिथे असेन आणि ती खोली उभी करीन. राहीनही तिथे. तुझा फोटो मात्र राग जाईपर्यंत त्या भिंतीवर लावणार नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
वृंदा